गाडी उचलायला नोटीस लागत नाही, विकायला मात्र लागते

लक्ष्मी रस्त्यावर खरेदी उरकून पिशव्या सावरत माणूस परत येतो आणि जिथे दुचाकी लावली होती तिथे दुसऱ्याच कोणाची तरी उभी दिसते. आधी वाटतं, आपणच गल्ली चुकलो. मग वाटतं, चोरीला गेली. शेवटी समोरचा दुकानदार सांगतो, "मघाशी टोइंगवाले उचलून घेऊन गेले." कुठे नेली, हे त्यालाही ठाऊक नसतं. पुण्यात हे इतक्यांच्या वाट्याला येतं की आता कोणाला त्याचं नवल राहिलेलं नाही. पण गाडी उचलली, अमुक ठिकाणी नेली, सोडवायला इतका वेळ आहे, हे मालकाला सांगणं कायद्याने कोणाचं काम आहे की नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा.

याचं उत्तर एका कलमात सापडत नाही. थोडं मोटार वाहन कायद्यात आहे, थोडं पोलीस कायद्यात, थोडं महापालिकेच्या कायद्यात आणि उरलेलं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत. हे सगळं शेजारी शेजारी ठेवून वाचलं की एक क्रम दिसतो. गाडी आधी उचलली जाते, मग ठेवली जाते, आणि कोणी आलंच नाही तर शेवटी विकली जाते. पहिल्या टप्प्यावर मालकाला कळवण्याची सक्ती जवळजवळ नाही. शेवटच्या टप्प्यावर ती सर्वांत कडक आहे. मधल्या टप्प्यावर कायदा बोलतो, पण मोघम बोलतो, आणि सामान्य माणसाचे पैसे व वेळ बहुतेक तिथेच जातात.

उचलताना

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याचं कलम १२७ हे टोइंगचं मूळ. त्याचा आशय असा: गाडी सार्वजनिक जागी १० तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली असेल, किंवा पार्किंगला कायद्याने मनाई असलेल्या जागी लावलेली असेल, तर ती उचलून नेण्याची किंवा चाकाला जॅमर लावण्याची परवानगी त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. जळालेली, मोडकी, सुटे भाग काढून नेलेली गाडी वाहतुकीला धोका ठरत असेल तर १० तासांचीही वाट पाहायची नाही, ती लगेच हलवता येते. उचलण्याचा खर्च मालकाचा, दंड त्याहून वेगळा.

यातला "गणवेशातला पोलीस अधिकारी" फार महत्त्वाचा आहे. टोइंगच्या गाडीवर काम करणारी मुलं ठेकेदाराची असतात. कोणती गाडी उचलायची हे त्यांनी ठरवायचं नाही. सोबत पोलीस नसेल आणि मुलंच गाड्या उचलत असतील तर ते कलम १२७ प्रमाणे चाललेलं नाही, असं ठामपणे म्हणता येतं. दुसरी गोष्ट, १० तासांची अट फक्त सोडून दिलेल्या गाडीला आहे. नो पार्किंगमधल्या गाडीला ती लागू नाही, तिथे पाच मिनिटंही पुरतात. "मी आत्ताच तर लावली होती" हा बचाव म्हणून टिकत नाही.

मालकाला कळवण्याबद्दल या कलमात एक ओळही नाही. आधी सांगा असंही नाही आणि नंतर सांगा असंही नाही.

आधी सांगण्याची सक्ती का नाही, हे मला पटतं. अप्पा बळवंत चौकात वळणावर एक चारचाकी उभी आहे, मागे पीएमपीची बस अडकली आहे, तिच्या मागे रुग्णवाहिका आहे. अशा वेळी मालकाचा पत्ता काढून नोटीस पाठवत बसणं शक्यच नाही. शिवाय कायद्याच्या दृष्टीने आधीची सूचना दिलेली असतेच: तिथे लावलेला फलक. वाहतुकीचे फलक लावण्याचा अधिकार याच कायद्याच्या कलम ११६ मध्ये आहे. फूटपाथ, सायकल ट्रॅक, झेब्रा क्रॉसिंग, दुसऱ्याच्या इमारतीचं फाटक अशा काही जागांना वेगळ्या फलकाची गरजच नसते, तिथे मनाई नियमांतच आहे. पण जिथे मनाई फक्त फलकावर अवलंबून आहे तिथे तो फलकच मालकाला मिळालेली एकमेव नोटीस असते. तो झाडाच्या फांदीआड गेला असेल, त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला असेल किंवा खांबच वाकला असेल, तर नोटीस मिळालेलीच नाही, असं म्हणायला पूर्ण जागा आहे. पी-१, पी-२ च्या सम-विषम तारखांच्या रस्त्यांवर तर हा फलक दिसणं हाच सगळा न्याय. कोणत्या तारखेला कोणती बाजू, हे परगावच्या माणसाला दुसरं कोण सांगणार? गाडी उचलली गेली आणि फलक दिसत नव्हता असं वाटलं, तर गाडी सोडवायला धावण्याआधी त्या जागेचे दोन-तीन फोटो काढून ठेवावेत. संध्याकाळी फ्लेक्स काढला गेला की पुरावाही गेला.

लाउडस्पीकरवरून नंबर पुकारणं ही चांगली पद्धत आहे आणि ती पाळली गेलीच पाहिजे, पण ती कलम १२७ मध्ये लिहिलेली नाही. ती पोलीस खात्याच्या शिस्तीचा भाग आहे. मालक समोर उभा असताना मात्र परिस्थिती वेगळी होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नाना पेठेत दुचाकीवर बसलेल्या माणसासकट ती दुचाकी उचलल्याचा व्हिडिओ सगळ्या शहराने पाहिला. तेव्हा चर्चा झाली ती उर्मटपणाची, आणि ती रास्तच होती. त्यात कायद्याचा एक साधा मुद्दाही होता. टोइंग हा अडथळा दूर करण्याचा उपाय आहे. माणूस हजर असेल, गाडी हलवायला तयार असेल, तर अडथळा त्याला सांगून दूर होतो. दंड लावता येतो, पण उचलण्याची गरज उरत नाही. आणि जी गाडी उचललीच नाही तिच्या उचलण्याचा खर्च कसा मागणार?

पैशांचा हिशेबही इथेच सांगून टाकतो. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून नो पार्किंगचा दंड पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा सापडल्यास १,५०० रुपये आहे. टोइंगचा आकार त्याहून वेगळा, आणि पावतीवर दोन्ही रकमा वेगवेगळ्या दिसायला हव्यात. रहदारीला अडथळा आणण्याबद्दलच्या कलम २०१ मध्ये एक सवलतही आहे, जी फार थोड्यांना माहीत असते: गाडी अचानक बंद पडली असेल आणि ती हलवण्याची खटपट चालू असेल, तर ते कलम लागू होत नाही. टिळक रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीपाशी मेकॅनिकची वाट पाहणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. मेकॅनिकला केलेला फोन मोबाइलमध्ये वेळेसकट नोंदलेला असतो, तो दाखवता येतो.

नेल्यावर

गाडी उचलल्यानंतर मालकाला न कळवण्याला मात्र मला काहीच सबब दिसत नाही.

गाडीचा नंबर पोलिसांसमोर असतो. ई-चलनाच्या यंत्रात तो टाकला की मालकाच्या नोंदवलेल्या मोबाइलवर दंडाचा मेसेज जातो. त्याच मेसेजमध्ये "गाडी अमुक चौकीपाशी ठेवली आहे" एवढी एक ओळ जायला काय हरकत आहे? कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवावी, असं बंधन केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली घातलं गेलं. म्हणजे नुसता फोटो काढला तर कळवायला मुदत आहे, आणि अख्खी गाडी उचलून नेली तर ती कुठे आहे हे सांगायला कलम १२७ मध्ये मुदतच नाही. ही उणीव भरून काढायला नवा कायदाही लागणार नाही. राज्य सरकारचा नियम किंवा पोलीस आयुक्तांचा आदेशही पुरे.

दुसरीकडे हे कसं केलं जातं ते पाहिलं की फरक कळतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन कायद्यात, गाडी उचलून ठेवली की ४८ तासांच्या आत, सुट्ट्या वगळून, नोंदणीकृत मालकाला आणि गाडीवर कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळवावं लागतं. गाडी कुठे आहे आणि कोणत्या अधिकाराखाली उचलली हे त्यात असावं लागतं. मालकाला १० दिवसांत सुनावणी मागता येते आणि मागितल्यापासून ४८ तासांत ती द्यावी लागते. गाडी आधी उचला, पण लगेच सांगा आणि ऐकूनही घ्या, असा तो सरळ क्रम आहे. आपल्याकडे सांगण्याचं काम आज बहुतेक शेजारच्या पानवाल्यावर पडलेलं असतं.

तोवर आपल्या हातात काय आहे? गाडी दिसत नसेल तर चोरीची तक्रार द्यायला जाण्याआधी ई-चलनाच्या संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहावा. ताजं चलन दिसलं तर गाडी टोइंगमध्ये आहे. जवळच्या वाहतूक विभागाच्या चौकीत विचारावं, तिथे पत्ता लागला नाही तर ११२ आहेच. चलन नसेल आणि चौकीतही नोंद नसेल, तर मात्र वेळ न घालवता पोलीस ठाणं गाठावं.

मेसेज यायचा तर मोबाइल नंबर बरोबर हवा, पत्र यायचं तर पत्ता. इथे जबाबदारी उलट आपल्याकडे येते आणि कायदा ती अगदी नेमकेपणाने सांगतो. राहण्याची जागा बदलली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे ३० दिवसांत आरटीओला नवा पत्ता कळवायचा. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतराची नोंद करून घ्यायची. गाडी कायमची निकामी झाली तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत तेही कळवायचं.

पुण्यात या तिन्ही गोष्टी सर्रास राहून जातात. सदाशिव पेठेतला वाडा पडला, कुटुंब वारज्याला राहायला गेलं, आरसीवर मात्र वाड्याचाच पत्ता. नोटीस त्या पत्त्यावर निघते. आणि सामान्य परिभाषा कायद्याच्या कलम २७ प्रमाणे, योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पत्र पोहोचलं असं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. वाड्याच्या जागी आता आठ मजली इमारत आहे, हे सरकारी नोंदीला कोण सांगणार? कागदोपत्री तुम्हाला कळवलेलं असतं.

विकलेल्या गाडीचं तर याहून अवघड. जुनी स्कूटर ओळखीतल्या मुलाला दिली, त्याने ती पुढे कोणाला दिली, नाव मात्र तुमचंच. मेसेज तुम्हाला येतात, नोटीस तुम्हाला येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, मधे गाडी कितीही हात बदलो. तो निकाल अपघाताच्या भरपाईचा होता. म्हणजे प्रश्न टोइंगच्या दंडापुरता राहत नाही, लाखोंच्या भरपाईपर्यंत जातो. संगम पुलाजवळच्या आरटीओत एक चक्कर मारून नाव बदललं की नाही ते पाहावं. एमपरिवहन ॲपवर घरबसल्याही दिसतं.

ताब्यात असताना

उचललेली गाडी सरकारची होत नाही. ती तुमचीच असते, फक्त दुसऱ्याच्या ताब्यात असते. आणि दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती आपली असल्यासारखी जपायची असते.

यावर १९६७ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, जो मला या विषयात सर्वांत जवळचा वाटतो. जुनागढ संस्थानाच्या जकात खात्याने एका व्यापाऱ्याचे दोन ट्रक आणि एक स्टेशन वॅगन जप्त केली होती. त्याचं अपील चालू होतं. ते चालू असतानाच पोलिसांनी ती वाहनं बेवारस म्हणून दाखवली, दंडाधिकाऱ्याचा आदेश मिळवला आणि ती विकली गेली. पुढे अपिलात जप्तीच रद्द झाली. मालक गाड्या मागायला गेला तर गाड्या होत्याच कुठे? राज्याने म्हटलं, आम्ही तर न्यायालयाच्या आदेशाने विकल्या. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. जप्त केलेली वस्तू सरकारकडे ठेव म्हणून असते, ती नीट सांभाळणं आणि परत देण्याच्या स्थितीत ठेवणं हे सरकारचं कर्तव्य आहे, आणि मालक कोण हे माहीत असताना ती बेवारस कशी ठरवता, असा त्या निकालाचा रोख होता. राज्याला किंमत भरून द्यावी लागली.

आपल्या आरशाचा, इंडिकेटरचा, बंपरचा प्रश्न याच तत्त्वावर उभा आहे. गाडी सोडवताना आधी भोवताली फिरून पाहावी, फोटो काढावेत, आणि काही मोडलं असेल तर पावतीवर सही करण्याआधी तिथेच लिहावं. घरी आल्यावर लक्षात आलेल्या ओरखड्याचं पुढे काही होत नाही.

महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाड्या

आता दुसऱ्या प्रकारच्या गाडीकडे वळू. उड्डाणपुलाखाली, नदीकाठच्या रस्त्याला, शाळेच्या भिंतीलगत धूळ खात उभी असलेली गाडी. टायर बसलेले, काचेवर बोटाने लिहिलेली नावं, आत उंदीर. तिच्यामुळे रस्ता झाडता येत नाही, पावसाळ्यात पाणी साचतं, डास होतात. शेजारच्यांनी तक्रार केली की महापालिकेचा अतिक्रमण विभाग येतो, काचेवर नोटीस चिकटवतो आणि मुदत संपली की गाडी उचलतो.

महापालिकेला हा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधून मिळतो. कलम २३० प्रमाणे परवानगीशिवाय रस्त्यावर वस्तू ठेवायला मनाई आहे आणि कलम २३१ प्रमाणे अशी वस्तू आयुक्त "नोटीस न देता" हलवू शकतात. कायद्यातच हे शब्द आहेत म्हटल्यावर नोटीस कशाला चिकटवायची, असा प्रश्न कोणालाही पडेल.

त्याचं उत्तर मुंबईच्या फूटपाथवरून आलं. मुंबईच्या महापालिका कायद्यातही कलम ३१४ असंच आहे, नोटीस न देता हलवण्याचं. पदपथावर राहणाऱ्यांच्या झोपड्या हटवण्यावरून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यावर निकाल दिला. न्यायालयाने ते कलम रद्द केलं नाही. पण त्याचा अर्थ नीट लावून दिला: आयुक्त नोटीस न देता हलवू "शकतात", हलवलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. नोटीस देणं आणि ऐकून घेणं हा नियम, न देणं हा अपवाद, आणि अपवादाला तसंच तातडीचं कारण हवं. माणसाच्या निवाऱ्याची आणि गाडीची बरोबरी मी करत नाही. पण तेच तत्त्व इथे लावलं तर, जी गाडी आठ महिने एकाच जागी उभी आहे ती आजच्या आज नोटिशीविना उचलण्याइतकी तातडी कुठून येणार?

म्हणून नोटीस चिकटवणं योग्यच, पण तेवढं पुरेसं आहे असं मला वाटत नाही. गाडीपाशी न येणाऱ्या माणसासाठी गाडीवर चिकटवलेला कागद म्हणजे रिकाम्या घराच्या दाराला लावलेली चिठ्ठी. नंबर प्लेट असेल तर मालकाचं नाव आणि पत्ता वाहन नोंदणीच्या प्रणालीत असतो. काचेवर कागद लावणाऱ्याने त्याच दिवशी त्या पत्त्यावर एक पत्र पाठवावं, कर्जाची नोंद दिसली तर बँकेलाही पाठवावं. प्लेट काढून नेली असेल तर चासी नंबर आणि इंजिन नंबर असतात, आणि तेव्हा तर जास्तच काळजी घ्यायला हवी, कारण प्लेट नसलेली बेवारस गाडी पुष्कळदा चोरीची असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची "वाहन समन्वय" नावाची प्रणाली याचसाठी आहे: एका ठिकाणी चोरीला गेलेली आणि दुसऱ्या ठिकाणी सापडलेली गाडी तिथे जुळवता येते. नगरच्या कोणा शिक्षकाची चोरीला गेलेली मोटारसायकल पुण्यात एखाद्या पुलाखाली बेवारस म्हणून उभी असू शकते. ती भंगारात जाण्याआधी हा एक शोध घ्यायला काही मिनिटं लागतात.

विकताना

इथे कायदा मोघम बोलणं सोडतो.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ सालचा. त्याच्या कलम ८२ प्रमाणे पोलीस दोन प्रकारची मालमत्ता तात्पुरती ताब्यात घेतात. एक, सापडलेली बेवारस. दुसरी, सार्वजनिक रस्त्यावर पडलेली अशी, जी हलवायला सांगूनही मालकाने हलवली नाही. दुसऱ्या प्रकारात सांगणं ही अटच आहे, आधी मालकाला सांगितलेलं असलं पाहिजे. मग कलम ८५ प्रमाणे जाहीर उद्घोषणा करावी लागते: कोणकोणत्या वस्तू आहेत त्यांचं वर्णन, आणि ज्याचा हक्क असेल त्याने सहा महिन्यांत येऊन तो सिद्ध करावा असं आवाहन. हक्क पटला तर कलम ८६ प्रमाणे ताब्याचा आणि सांभाळण्याचा खर्च वळता करून वस्तू परत. कोणीच आलं नाही तर कलम ८७ प्रमाणे ती शासनाची आणि लिलावाला मोकळी.

गाडी एखाद्या गुन्ह्याच्या तपासात जप्त झाली असेल तर रस्ता वेगळा, पण मुक्काम तोच. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ मध्ये, मालक माहीत असेल तर त्याला द्यायची, माहीत नसेल तर दंडाधिकाऱ्याने उद्घोषणा काढून सहा महिने वाट पाहायची, अशी तरतूद आहे. जुन्या संहितेत हेच कलम ४५७ होतं.

पोलीस ठाण्यांच्या आवारात गवतात रुतलेल्या गाड्या आपण पाहतो, त्या या सहा महिन्यांमुळे तिथे नसतात. त्या कोणी पुढचं पाऊलच न उचलल्यामुळे असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली, सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात, गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवून काही साधत नाही असं सांगितलं. दंडाधिकाऱ्याने हमी आणि जामीन घेऊन गाडी लवकर सोडावी. मालक येत नसेल तर विमा कंपनीला कळवावं. कोणीच घेत नसेल तर न्यायालयाच्या आदेशाने विकावी, आणि हे सगळं गाडी न्यायालयासमोर हजर केल्यापासून सहा महिन्यांत व्हावं. म्हणजे विमा कंपनीलाही कळवणं आलं. चोरीचा दावा आधीच मंजूर झाला असेल तर गाडीवर हक्क बहुधा तिचाच असतो.

या सगळ्याच्या मुळाशी संविधानाचा अनुच्छेद ३००-अ आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. २०२४ साली कोलकाता महापालिकेच्या एका जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची सात अंगं उलगडून सांगितली. त्यांतलं पहिलं अंग नोटीस मिळण्याचं आणि दुसरं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचं. प्रकरण जमिनीचं असलं तरी अनुच्छेद साऱ्या मालमत्तेचा आहे.

मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत गाड्यांच्या याद्या येतात त्या याच उद्घोषणा. अर्ध्या याद्यांत नुसते नंबर असतात, काही ठिकाणी तर "निळ्या रंगाची मोपेड" एवढंच. वर्णन असं असावं की ज्याची गाडी आहे त्याला ती ओळखता येईल. चासी नंबर, इंजिन नंबर, गाडी कुठे आणि कधी सापडली, हे सगळं त्यात यायला हवं. ज्यांची गाडी कधी चोरीला गेली आहे त्यांनी या याद्यांवर नजर ठेवावी.

सोसायटीतली गाडी

पुण्यात या विषयावर सर्वांत जास्त भांडणं सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये होतात. एखादे काका मुलाकडे परदेशी गेले, गाडी तिथेच. एखादा भाडेकरू सोडून गेला, गाडी तिथेच. कमिटीच्या बैठकीत कोणीतरी म्हणतं, "भंगारवाल्याला बोलवू आणि मोकळे होऊ."

हे करू नका. कलम १२७ सार्वजनिक जागेपुरतं आहे, म्हणजे जिथे जनतेला प्रवेशाचा हक्क आहे तिथे. सोसायटीचं आवार बहुधा त्यात बसत नाही, त्यामुळे टोइंगची गाडीही आत येणार नाही. आणि सोसायटीने परस्पर विकली तर ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अप्रामाणिकपणे केलेला अपहार ठरू शकतं. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात सापडलेल्या वस्तूबद्दल फार शहाणपणाची गोष्ट लिहिली आहे: मालक शोधण्याचे आणि त्याला कळवण्याचे वाजवी प्रयत्न करण्याआधी, आणि वाजवी काळ थांबण्याआधी, ती वस्तू आपली म्हणून वापरायची नाही. रस्त्यावर पाकीट सापडलेल्या साध्या माणसावरही कायद्याने कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. गॅरेजवाल्यांनाही हे लागू पडतं. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत त्यांना गाडी अडवून ठेवता येते, पण त्या कलमाने ती विकून टाकण्याचा अधिकार मिळत नाही.

सोसायटीने करायचं ते असं. एमपरिवहनवर नंबर टाकून गाडीची नोंद पाहावी. त्या फ्लॅटच्या सभासदाला, गाडी भाडेकरूची असली तरी सभासदालाच, लेखी पत्र द्यावं आणि ईमेल करावा. आरसीवरचा पत्ता मिळाला तर तिथेही पत्र पाठवावं. फलकावर सूचना लावावी, गाडीचा चारी बाजूंनी फोटो काढून तारीख टाकून ठेवावी. उत्तर नाही आलं तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, त्यात नंबर, चासी नंबर दिसत असल्यास तोही, आणि गाडी कधीपासून उभी आहे ते लिहावं. पोलिसांनी ती बेवारस म्हणून ताब्यात घेतली तर पुढे वर सांगितलेलाच क्रम चालतो.

परदेशातल्या काकांना गाडी नकोच असेल तर काम सोपं होतं. त्यांनी घरच्या कोणाला अधिकारपत्र पाठवावं, आरसी आणि ओळखपत्राची प्रत द्यावी, आणि गाडी नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात जमा करावी. २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा केंद्राला गाडी चोरीची नाही ना, हे आधी तपासावं लागतं आणि नंतर प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्या प्रमाणपत्राच्या आधारे नोंदणी रद्द होते आणि काकांचं नाव त्या गाडीवरून खऱ्या अर्थाने निघतं. गल्लीतला भंगारवाला रोख पैसे देतो, पण नाव मालकाच्याच माथी ठेवून जातो.

पोलीस ठाण्यात अर्ज दिलात तर त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. मात्र सहा महिने त्या तारखेपासून मोजले जात नाहीत, ते उद्घोषणा निघाल्यापासून मोजले जातात. म्हणून पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा जाऊन उद्घोषणेसाठी प्रस्ताव पाठवला का, हे विचारावं लागतं.